शेवटच्या मजलेचा सोबती

लहानपणी ऐकलेल्या कितीतरी गोष्टींत एक राजपुत्र घोड्यावर बसून दूरदेशी निघत असे. कधी त्याला सात समुद्रांपलीकडचे अमृतफळ आणायचे असे, तर कधी राक्षसाचा प्राण ज्या पोपटात लपलेला आहे, तो पोपट शोधून काढायचा असे. वाटेत घनदाट अरण्ये लागत, दुथडी भरलेल्या नद्या आडव्या येत, माणसासारखे बोलणारे पक्षी भेटत. या प्रवासात राजपुत्राबरोबर बहुधा आणखी एक जण असे. तो प्रधानाचा मुलगा. राजपुत्र झोपला की हा जागा राही. राजपुत्र मूर्च्छित पडला की हा पाण्यासाठी रानोमाळ धावे. शेवटी राजपुत्राला अर्धे राज्य आणि राजकन्या मिळे आणि आजी गोष्ट संपवून दिवा मालवीत असे. प्रधानपुत्राचे पुढे काय झाले, हे आजीने कधी सांगितले नाही आणि आम्हीही तिला कधी विचारले नाही. त्या वयात आम्हा सर्वांनाच राजपुत्र व्हायचे होते.

वय वाढले तसे माझे लक्ष हळूहळू त्या दुसऱ्या घोडेस्वाराकडे वळू लागले. राजपुत्राचे साहस समजण्यासारखे आहे. त्याच्यापुढे राज्य आहे, कीर्ती आहे, नियतीने नेमून दिलेले कार्य आहे. परंतु प्रधानपुत्र कशासाठी निघतो? त्याच्या वाट्याला ना राज्य, ना राजकन्या. संकटे मात्र तीच, भूक तीच, मरणाचे भयही तेच. त्याच्या जाण्याला एकच कारण आहे. आपला मित्र निघाला आहे, हे ते कारण! इतक्या साध्या कारणासाठी माणूस जीव धोक्यात घालतो, ही गोष्ट मला बोलणाऱ्या पक्ष्यांहून अधिक अद्भुत वाटते.

कोणत्याही मोठ्या प्रवासाचा आरंभ सोपा असतो. निघताना सारा गाव वेशीपर्यंत येतो. ओवाळणी होते, शिदोरी बांधून दिली जाते, बरोबर येणारेही पुष्कळ असतात. मध्यंतरीच्या मजलाही कशाबशा पार पडतात. खरी परीक्षा शेवटच्या मजलेला असते. तेथे शिदोरी संपलेली असते, पाय सुजलेले असतात, यश मिळेल अशी आशा उरलेली नसते आणि मागे फिरण्यासारखी उत्तम कारणे मात्र प्रत्येकापाशी असतात. आरंभी बरोबर असलेल्या दहांतून तेथे एक जण जरी उरला, तरी तो प्रवासी भाग्यवान समजावा.

महाभारतकारांनी आपल्या महाकथेचा शेवट याच मजलेवर आणून ठेवला आहे. युद्ध संपले, राज्य करून झाले, आणि पांडव सर्वस्वाचा त्याग करून हिमालयाच्या वाटेने निघाले. त्यांच्यामागून एक कुत्रे चालू लागले. वाटेत द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम एकामागून एक पडले. शेवटी युधिष्ठिर आणि ते कुत्रे एवढेच उरले. स्वर्गात नेण्यासाठी इंद्र रथ घेऊन आला. कुत्र्याला मात्र रथात जागा नव्हती. तेव्हा ज्याने शेवटपर्यंत आपली साथ सोडली नाही, त्याला टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला. ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता, असे कथा पुढे सांगते. परंतु युधिष्ठिराने रथाकडे पाठ फिरविली, त्या क्षणी त्याला हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने ते दमलेले, मुके, मातीने माखलेले एक जनावर होते. सोबतीचे ऋण सोबत्याच्या योग्यतेवर अवलंबून नसते, एवढेच त्याला कळत होते.

पुराणातील ही उदाहरणे फार उंचावरची वाटत असतील, तर आपण आपल्या जमिनीवर येऊ. मी ज्या मुलखात वाढलो, त्याला पूर्वी चांदा जिल्हा म्हणत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. उरलेला भाग आज चंद्रपूर जिल्हा म्हणून ओळखला जातो. नकाशावर रेघ पडली, परंतु अरण्य एकच राहिले. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांनी भरलेल्या या रानातील पाऊलवाटा इतक्या अरुंद असतात की दोघांना शेजारी चालता येत नाही. माणसे एकामागून एक चालतात. पुढचा वाट पाहतो आणि मागचा पुढच्याची पाठ राखतो. या अरण्याने एका मैत्रीची शेवटची मजल पाहिली आहे. ती घडली १८५८ साली.

मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांचे नाव आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. १८५७ च्या उठावाचे लोण या रानापर्यंत पोहोचले, तेव्हा बाबूरावांनी गोंड आणि रोहिले तरुणांची फौज उभारली. ती ‘जंगोम सेना’ या नावाने ओळखली जाते. १८५८ च्या मार्च महिन्यात त्यांनी राजगड परगण्याचा ताबा घेतला. त्यांना अडपल्ली आणि घोट येथील जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. व्यंकटरावांना निमूटपणे घरी बसता आले असते. जमीनदारी होती, गावे होती, मानमरातब होता. समोर कोण आहे, हेही दिसत होते. एका बाजूला भाले, तलवारी आणि भरमार बंदुका घेतलेली रानातली माणसे, आणि दुसऱ्या बाजूला उत्तर हिंदुस्थानातील उठाव मोडीत निघालेली इंग्रजी सत्ता. हे सारे पाहूनही ते आले.

चांद्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याने या दोघांवर फौज धाडली. नांदगाव-घोसरीपासून पुढे अनेक ठिकाणी चकमकी झडल्या. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर या बंडवाल्यांनी हल्ला केला. तीत तारखात्याचे दोन युरोपीय नोकर मारले गेले. तिसरा जीव घेऊन निसटला. लढाईची कथा सांगताना तिचा हा रक्तरंजित भागही सांगितला पाहिजे. कारण त्यानंतर परतीची वाट उरली नाही. क्षमा मिळण्याची शक्यता त्या रात्रीच मावळली.

मग इंग्रजांनी शस्त्र बदलले. त्यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. बाबूरावांना पकडून द्या, नाही तर आपल्या जमीनदारीवर पाणी सोडा, असा तो पेच होता. त्या बाबूरावांच्या नात्यातल्या होत्या. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी त्यांच्या माणसांनी बाबूरावांना धरले आणि इंग्रजांच्या स्वाधीन केले. २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

पुढे लोकांनी बाबूरावांभोवती आख्यायिकांचे वलय निर्माण केले. बांबूच्या बनात क्वचितच आढळणारी एक विषारी वस्तू त्यांनी पचविली आणि त्यामुळे त्यांच्या अंगी दैवी बळ आले, असे म्हणतात. फाशीचा दोर त्यांच्या गळ्याभोवती पुनःपुन्हा तुटला, असेही सांगतात. शेकोटीभोवती या कथा ऐकताना अंगावर काटा उभा राहतो. ज्या पिंपळाखाली फाशी झाली असे सांगतात, त्या झाडाशी दर वर्षी २१ ऑक्टोबरला लोक फुले घेऊन येतात. हा सन्मान योग्यच आहे. परंतु मी ऐकलेल्या या कथांत व्यंकटरावांसाठी एकही चमत्कार राखून ठेवलेला नाही. त्यांचा दोर तुटत नाही, त्यांना वनदेवता वर देत नाही. बाबूराव पकडले गेले की गोष्ट सांगणारा दिवा मालवतो!

इतिहास मात्र पुढे चालू राहतो. बाबूराव गेले, सैन्य पांगले, आणि तरीही व्यंकटराव इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. ते बस्तरच्या बाजूच्या रानात निघून गेले. ज्याच्यासाठी हा मार्ग धरला, तो आता या जगात नाही. जिंकण्याची आशा नाही. घरी परतावे तर घर जप्त झालेले. अशा स्थितीत त्यांनी पावसाळे आणि हिवाळे काढले. १८६० साली बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांच्या जप्त झालेल्या गावांपैकी काही गावे अहेरीच्या जमीनदारीला बक्षीस म्हणून मिळाली.

त्या दीड वर्षात एकट्याने रानात बसून व्यंकटरावांच्या मनात काय येत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. एका नात्याने गावे मिळविली आणि एका सोबतीने गावे गमावली. हिशेब मांडणारा मनुष्य या दुसऱ्याला वेडा म्हणेल. परंतु दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्या दोघांपैकी कोणाच्या जागी आपण असावे, असा प्रश्न कोणी केला, तर वर्गातील कोणताही मुलगा उत्तर द्यायला वेळ लावणार नाही.

मैत्रीच्या कसोटीला रणांगणच लागते, असे मात्र नाही. पर्वतही ती कसोटी घेतात. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखरावर पाऊल ठेवले. ‘मिशन शौर्य’ या मोहिमेसाठी दहा जणांची निवड झाली होती. उन्हाळ्यात जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, त्या मुलखातील ही मुले ८,८४८ मीटर उंचीच्या बर्फात जाऊन उभी राहिली, ही बातमी आली तेव्हा आमच्याकडे घरोघरी आनंद झाला. पाच जणांचे फोटो छापून आले, ते यायलाच हवे होते. परंतु माझ्या मनात उरलेले पाच जणही होते. त्यांनी तेच शिक्षण घेतले, तीच थंडी सोसली, त्याच दोराला गाठी मारल्या. शिखराच्या छायाचित्रात ते नसले, तरी ज्या दहांच्या बळावर ते छायाचित्र निघाले, त्यांत ते होतेच.

गिर्यारोहणात दोराला मोठा अर्थ आहे. एका दोराने बांधलेल्या दोघांपैकी एक घसरला, तर दुसऱ्याने त्याला तोलून धरायचे असते. आणि ते जमले नाही, तर दोघेही जातात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत एडमंड हिलरी बर्फाच्या भेगेत कोसळले, तेव्हा तेनसिंगने क्षणाचाही विलंब न लावता दोर आवळून त्यांना वाचविले. पुढे २९ मे रोजी हे दोघे शिखरावर पोहोचले. खाली येताच जगाने त्यांना एकच प्रश्न विचारला : आधी पाय कोणी ठेवला? आम्ही दोघे मिळून पोहोचलो, हेच उत्तर ते देत राहिले. लोकांचा वाद शमेना, तेव्हा दोन वर्षांनी तेनसिंगने आपल्या आत्मकथेत स्वतःच सांगून टाकले की हिलरी एक पाऊल पुढे होते. पहिलेपणाचा मान जगाने देऊ केलेला असताना तो आपल्या हाताने सोबत्याकडे सरकविणे, ही त्या पर्वताहून उंच गोष्ट आहे असे मला वाटते.

परंतु शेवटच्या मजलेचा सोबती मी ग्रंथांतच पाहिला आहे असे नाही. एकदा ऐन श्रावणात मी भामरागडच्या बाजूला होतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. पाऊस वाढला की नाले फुगतात आणि गावांचे एकमेकांशी नाते तुटते. अशाच एका नाल्याच्या काठी, गुडघाभर चिखलातून सात-आठ माडिया तरुण येताना दिसले. चौघांच्या खांद्यांवर एक खाट होती. खाटेला लांब बांबू बांधलेले होते, आणि तिच्यावर घोंगडीखाली एक तरुण तापाने फणफणत पडला होता. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याकडे ते निघाले होते. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या आणि डॉक्टर प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी वाढविलेल्या या दवाखान्याकडे असे रोगी वर्षानुवर्षे येत आले आहेत. ही मंडळी आदल्या दुपारपासून चालत होती.

मी त्यांच्याबरोबर काही अंतर चाललो. ते खांदे बदलत, पण खाट खाली टेकवीत नसत. मागचा एक जण पुढे येई, बांबूखाली आपला खांदा देई आणि मगच आधीचा बाजूला होई. कोणी हुकूम देत नव्हते, कोणी वेळ मोजत नव्हते. एक मुलगा मात्र खाटेजवळून हलतच नव्हता. एका हाताने तो सागाचे मोठे पान रोग्याच्या तोंडावर धरून होता. त्याचा खांदा सोलून निघाला होता, तरी पुन्हा त्याची पाळी येताच तो बांबूखाली गेला. माझ्याबरोबरच्या वनरक्षकाला माडिया बोली येत होती. हा रोग्याचा भाऊ आहे काय, असे मी त्याच्याकरवी विचारले. उत्तर आले : “भाऊ नाही. आम्ही बरोबर गुरे राखली.”

त्या उत्तरात मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. प्रधानपुत्र का निघतो? त्यांनी बरोबर गुरे राखलेली असतात म्हणून! मित्राचा ताप त्या मुलाला स्वतःच्या अंगावर घेता येत नव्हता. ते कोणालाच जमत नाही. दुःख, आजार, भय आणि कर्तव्य यांचे ओझे ज्याचे त्यालाच वाहावे लागते. जिवलग मित्रही त्यातले रतिभर उचलू शकत नाही. परंतु ओझे उचलता आले नाही, तरी ओझ्यासकट माणूस उचलता येतो. मैत्रीचे सारे सामर्थ्य एवढ्या एका गोष्टीत आहे.

नाल्यापाशी पाणी कमरेपर्यंत होते. आठही जण खाटेभोवती गोळा झाले आणि त्यांनी ती डोक्याच्या वर उचलली. मधोमध एकाचा पाय निसटला. खाट एका बाजूला कलली, पण बाकीच्या हातांनी ती सावरली. पलीकडच्या काठावर पोहोचल्यावर कोणी जयघोष केला नाही. त्यांनी खांदे बदलले आणि ते झाडीत दिसेनासे झाले. तिसऱ्या दिवशी मी हेमलकशाला गेलो, तेव्हा तो रोगी झाडाखाली बसून पेज पीत होता. शेजारी तो मुलगा गाढ झोपला होता.

या दृश्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ती खाट उचलणारे खांदे अभिमानास्पद आहेत. परंतु ती उचलावी लागते, ही अभिमानाची गोष्ट नव्हे. नाल्यावर पूल आणि गावापाशी दवाखाना असावा, हे पाहणे मोठ्यांचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. पूल होतील, रस्ते होतील, आणि व्हायलाच हवेत. तथापि जगातले सारे नाले पुलांनी पार करता येत नाहीत. परीक्षेत अपयश आलेला मुलगा, घरात दुःखद घटना घडलेली मुलगी, ज्याच्याशी कोणी बोलत नाही असा नवा विद्यार्थी, हेही आपापल्या शेवटच्या मजलेवर उभे असतात. तेथे सरकारी रस्ता पोहोचत नाही. तेथे सोबतीच पोहोचू शकतो.

म्हणून मला मुलांना सांगावेसे वाटते, की राजपुत्र होण्याचे स्वप्न अवश्य पाहा. परंतु प्रधानपुत्र होण्याची संधी आली, तर ती हलकी समजू नका. राजपुत्र व्हायला नशीब लागते, प्रधानपुत्र व्हायला केवळ निश्चय पुरतो. तुमची कथा कोणी सांगेल, याची खात्री नाही. तुमच्या नावाने दोर तुटणार नाहीत की झाडाशी फुले वाहिली जाणार नाहीत. आणि तरीही, जो वाचला आणि जो पोहोचला, त्याला तुमचा खांदा आयुष्यभर आठवत राहील.

येत्या २१ ऑक्टोबरला चांद्याच्या पिंपळाशी लोक पुन्हा जमतील. बाबूरावांच्या नावाने फुले वाहणाऱ्यांनी ओंजळीतले एक फूल व्यंकटरावांसाठी राखून ठेवावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.